माथ्यापासून ओढ्यापर्यंत: आपल्या शेतातली माती ओळखायची कशी

दादानं ओढ्याकडच्या पट्टीत डाळिंब लावलं तेव्हा मी कृषी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला होते, आणि आपल्याला मातीतलं सगळं कळतं असा माझा ठाम समज होता. माती परीक्षणाचा कागद मीच वाचून दाखवला होता. सामू, म्हणजे पीएच, ८.२, पालाश भरपूर, नत्र कमी. "काळीभोर जमीन आहे, लाव बिनधास्त," मी म्हणाले. आण्णा ओसरीवरून एवढंच म्हणाले, "डाळिंब वर बरडावर लावत्यात." बरड म्हणजे माळाची मुरमाड जमीन. आम्ही दोघं शिकलेले, त्यामुळं कुणी ऐकलं नाही.

दुसऱ्या वर्षी हत्तीचा पाऊस जोरात झाला. पट्टीत आठ दिवस पाणी तुंबलं. वरचं पाणी ओसरल्यावरही महिनाभर जमिनीला वाफसा, म्हणजे मुळांना हवा मिळेल अशी बेताची ओल, आला नाही. पानं पिवळी पडली आणि सव्वा एकरातल्या दोनशे झाडांपैकी निम्म्याहून जास्त मर रोगानं गेली. कागद बरोबर होता. पण तो वरच्या वीतभर मातीचा होता, आणि डाळिंबाची मुळं त्याच्या कितीतरी खाली गेली होती.

पुढं मी बरीच वर्षं माती सर्वेक्षणाच्या कामात काढली. शेकडो खड्डे खणले, त्यांत उतरले, मातीनं नखं कायमची काळी झाली. ती जमीन आज कुणी माझ्यासमोर ठेवली तर मी काय काय बघेन, ते इथं लिहिते. उदाहरण आमच्याच शिवाराचं घेते. बार्शी तालुका, वर बालाघाटाचा माळ, खाली ओढा, मधे आमची साडेसहा एकर. कोकणातल्या किंवा चंद्रपूरकडच्या वाचकांनी आकडे सोडून द्यावेत. पद्धत तीच चालेल.

आधी चालायचं, मग खणायचं

मातीकडं जायच्या आधी ती कुठं बसली आहे ते बघा. माझ्या मते निम्मी ओळख इथंच होते, आणि नेमकं हेच काम लोक टाळतात, कारण त्यात फक्त चपला झिजतात.

माळाच्या सगळ्यात उंच टोकाला जा आणि पाणी जसं वाहील तसं खाली ओढ्यापर्यंत या. शक्य असेल तर चांगला पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी चाला. पाणी कुठून पळालं, कुठं साचलं, बांध कुठं फुटला, गाळ कुठं बसला, हे सगळं जमिनीवर लिहिलेलंच असतं. दर शंभर-दीडशे पावलांवर थांबा आणि पहार मारून बघा. खण्णकन आवाज आला की खाली मुरूम. पहार मुकाट आत गेली की माती खोल.

आमच्याकडं हे असं दिसतं. माथ्यावर वीतभर माती, करडी-तांबूस, दगडगोटे मिसळलेली, आणि लगेच मुरूम. तिला आम्ही बरड म्हणतो. तिथं कुसळी गवत, तरवड, एखादी हिवर. मधल्या उतारावर हात-सव्वाहात खोल तपकिरी माती, तिला मध्यम म्हणतात. पायथ्याला उतार मोडतो तिथं काळी सुरू होते. आमच्या विहिरीजवळ ती पाच फूट आहे. ओढ्याकडच्या पट्टीत मी सात फुटांपर्यंत गेले तरी मुरूम लागला नाही. तिथं बांधावर बाभळी आणि रानात कुंदा. कुंदा दिसला की जमीन भारी, हे आण्णांना कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय माहीत होतं.

या चारही मातींच्या खाली खडक एकच आहे, दख्खनचा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. मग फरक कशानं? पावसाचं पाणी माथ्यावरची बारीक चिकणमाती खाली वाहून नेतं. त्याच पाण्यात खडक झिजून सुटलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका विरघळून जातं आणि खालच्या सपाटीत साठतं. फुगणारी चिकणमाती, जिला शास्त्रात स्मेक्टाइट म्हणतात, ती बनते आणि टिकते अशाच ठिकाणी. माथा देतो, पायथा घेतो. जेफ्री मिल्न या मृदाशास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत एकाच उतारावरच्या मातींची अशी मालिका पाहिली आणि तिला कॅटेना, म्हणजे साखळी, हे नाव दिलं. मला त्यातली कडी ही कल्पना आवडते. खालची माती समजायची तर वरच्या कडीकडं बघावं लागतं.

एक सावधगिरी. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जेसीबीनं इतकं सपाटीकरण झालंय की नैसर्गिक साखळी पुष्कळ ठिकाणी तुटली आहे. तळ्यातला गाळ आणून बरडावर पसरलेला असतो. वरून काळी दिसते आणि वीतभर खाली मुरूम. शेजाऱ्याला, नाहीतर गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारल्याशिवाय डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

आभाळाचा हिशोब

हान्स येनी यांनी १९४१ मध्ये माती घडवणारे पाच घटक मांडले: हवामान, जीवसृष्टी, भूरूप, मूळ खडक आणि काळ. आपल्याकडं खडक बहुतेक ठिकाणी बेसाल्टच, म्हणून हवामानाचा परिणाम फार स्वच्छ दिसतो.

महाबळेश्वरला जा. खडक तोच. पण वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्यानं कॅल्शियम, मॅग्नेशियम तर धुऊन नेलंच, सिलिकाही नेली. मागं राहिलं लोह आणि अॅल्युमिनियम. म्हणून तिथं माती तांबडी, आंबट, आणि पठारावर जांभा. पाचगणीच्या टेबललँडची टोपी त्याच जांभ्याची. पसरणीचा घाट उतरून वाईत या, पाऊस एकदम कमी होतो आणि कृष्णाकाठी काळी माती सुरू होते. तासाभराच्या एसटीच्या प्रवासात मातीशास्त्राचं अख्खं प्रकरण खिडकीतून दिसतं.

आमच्याकडं पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आगेमागे, आणि उन्हानं उडून जाऊ शकणारं पाणी त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे विरघळलेलं खाली वाहून जायला पाणीच पुरत नाही. चुना मातीतच राहतो आणि त्याचे खडे बनतात. काही ठिकाणी सोडियमही राहतो; अकोला, अमरावती, बुलढाण्यातला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा हे त्याचं मोठं उदाहरण.

तुम्ही काय करायचं? वार्षिक सरासरीवर थांबू नका. तीन गोष्टी वहीत लिहा. पाऊस कोणत्या महिन्यांत येतो, मधे खंड किती मोठा पडतो, आणि जमीन वर्षातले किती महिने कोरडी असते. आमच्याकडं जूनचा पाऊस भरवशाचा नाही, ऑगस्टमध्ये मोठी उघडीप, आणि खरा पाऊस उत्तरा-हस्तात. म्हणूनच भारी जमीन पावसाळाभर मोकळी ठेवून रब्बीची ज्वारी घ्यायची रीत पडली. एक मीटर खोल काळ्या मातीत पिकाला घेता येईल असं साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी मावतं. त्या ओलीवर थंडीत ज्वारी निघते. वीतभर बरडात हे कधीच जमणार नाही, पाऊस तितकाच असला तरी. आमच्या पट्टीची माती, आमचा पाऊस आणि तिची ओढ्याकाठची जागा या तीन गोष्टी मी तेव्हा एकत्र मांडल्या असत्या, तर डाळिंबाचं नावही काढलं नसतं.

खड्डा

टिकाव, फावडं, पहार, मोजपट्टी, बोथट सुरी, पाण्याची बाटली, वही. जागा अशी निवडा जी त्या तुकड्याचं खरं रूप दाखवेल. बांधापासून, झाडापासून, उकिरड्यापासून आणि गोठ्यापासून लांब. दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, आणि खोली मुरूम लागेपर्यंत किंवा दीड मीटर. त्याहून खोल जायचं तर कडेला पायऱ्या काढा आणि एकट्यानं उतरू नका. भेगाळलेल्या काळ्या मातीची भिंत सांगून पडत नाही. ओढ्याकडच्या पट्टीत मी सात फूट गेले ते पहारीनं आणि गिरमिटानं, स्वतः उतरून नाही.

वेळ दोनदा काढा. एप्रिल-मे मध्ये भेगा बघायला, आणि दिवाळीच्या सुमारास ओल बघायला. एकदाच जमणार असेल तर उन्हाळा.

मे महिन्यात भारी जमिनीवर उभं राहिलं की पायाखाली कोरड्या बारीक ढेकळांची चादर असते, आणि तिच्यामधून भेगा. सायकलच्या चाकाची तार सरळ करून भेगेत सोडा. आमच्या पट्टीत ती पूर्ण आत जाते. आण्णांचं एक खुरपं असंच भेगेत गेलं. तीन वर्षांनी नांगरटीला वर आलं, गंजलेलं, पण मूठ शाबूत. ही गंमत नाही, हीच त्या मातीची रीत आहे: उन्हाळ्यात वरची माती भेगांत पडते, पावसात खालची फुगते, तिला जागा पुरत नाही, मग ती वर आणि बाजूला सरकते. लॅटिनमध्ये वळण्या-फिरण्याला जो शब्द आहे, त्यावरून अशा मातीला व्हर्टिसॉल म्हणतात.

आता खड्ड्यात उतरा. उन्हाकडची भिंत सुरीनं खरवडून ताजी करा, फावड्यानं घासून गुळगुळीत झालेली भिंत काही सांगत नाही. वरून खाली हळूहळू टोचत जा. जिथं रंग, कडकपणा किंवा ढेकळाचा आकार बदलतो तिथं खूण करा आणि खोली मोजा. रंग कोरडा आणि ओला, दोन्ही लिहा. सर्वेक्षणात आम्ही मुन्सेलचं रंगपुस्तक वापरतो; तुमच्याकडं नसेल तर "ओली असताना काळी, वाळल्यावर राखाडी" एवढंही चालतं.

माझ्या आवडीची जागा साधारण दोन ते तीन फुटांवर येते. तिथून मोठं ढेकूळ सुरीनं सोडवा आणि हातानं ताणून मोडा. कापू नका, मोडा. भारी काळीत ते वाटेल तसं मोडत नाही, एका तिरक्या पृष्ठावर सुटतं. ते पृष्ठ चकचकतं, घोटलेल्या चामड्यासारखं, आणि उजेडात कलतं धरलं तर त्यावर फणी फिरवल्यासारख्या बारीक रेघा दिसतात. दोन ढेकळं फुगताना एकमेकांवर घासली, त्याच्या त्या खुणा. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी खड्ड्यातून वर हाका मारत सुटले होते. सोबतचे जुने सर्वेक्षक म्हणाले, "झालं? आता जेवायला चला."

हे चकाकतं पृष्ठ किंवा पाचरीच्या आकाराची ढेकळं, कोरड्या दिवसांत उघडणाऱ्या आणि पावसाळ्यात मिटणाऱ्या भेगा, आणि वरच्या अर्ध्या मीटरभर निदान ३० टक्के चिकणमाती. हे तिन्ही जुळलं तरच व्हर्टिसॉल. नुसता काळा रंग पुरत नाही. आमच्या उतारावरची मध्यम जमीन हंगामात काळपटच दिसते, पण ती इन्सेप्टिसॉल गटातली, म्हणजे थर धरायला नुकती लागलेली. माथ्यावरचं बरड एन्टिसॉल, म्हणजे जिला थर धरायला उसंतच मिळाली नाही अशी माती. आणि काळा रंग म्हणजे सेंद्रिय कर्ब भरपूर, हाही गैरसमज काढून टाका. आमच्या सगळ्यात काळ्या तुकड्यात तो अर्ध्या टक्क्याच्या आत आहे. चिकणमातीला घट्ट चिकटलेला थोडासा ह्यूमससुद्धा, म्हणजे कुजून राहिलेला सेंद्रिय भाग, पूर्ण माती काळी करतो.

भिंतीवर आणखी दोन गोष्टी बघा. मुळं कुठपर्यंत जातात आणि कुठं अचानक आडवी वळतात. आणि पांढरे चुन्याचे खडे कुठून सुरू होतात, हरभऱ्याएवढे की बोराएवढे. चुन्यासाठी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फसफसलं की चुना. दुकानात मिळणारं आम्ल तीव्र असतं. एक भाग आम्लाला तीन भाग पाणी घ्या, पण नेहमी पाण्यात आम्ल ओता, आम्लात पाणी कधीच नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच. लिंबू पिळूनही चुन्याच्या भुकटीवर बुडबुडे येतात, फक्त कान जवळ नेऊन ऐकावे लागतात. आमच्या पट्टीत वरपासूनच फसफसतं. पाऊस वाढत जातो तसा चुना खोल जातो.

हाताची परीक्षा

लिंबाएवढी माती घ्या, खडे काढा, थोडं थोडं पाणी घालत कणकेसारखी मळा. मग अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत तिची पट्टी बाहेर काढा. एक इंचाच्या आत तुटली तर पोयट्याची, एक ते दोन इंच आली तर चिकण पोयटा, दोन इंचांच्या पुढं गेली तर चिकणमाती. इथं नवखे लोक एक चूक हमखास करतात. काळी माती सुरुवातीला हाताला रव्यासारखी लागते, तिचे कण एकमेकांना धरून बसलेले असतात. दोन मिनिटांत निकाल देऊ नका. दहा मिनिटं मळा. मग ती आपला खरा चिकटपणा दाखवते, आणि बोटांवरून सहजी सुटत नाही.

बरणीची परीक्षा सगळ्यांना माहीत आहे: माती, पाणी, हलवून ठेवणे, वाळू मिनिटाभरात खाली, गाळ तासा-दोन तासांत, चिकणमाती तरंगत राहते. चुनखडीच्या मातीत ही परीक्षा फसवते. चुना चिकणमातीचे पुंजके करतो, ते झटकन खाली बसतात आणि माती आहे त्यापेक्षा हलकी वाटते. म्हणून मी बरणी फारशी वापरत नाही.

त्यापेक्षा एक सोपी परीक्षा मी प्रत्येक शिवारात करते. प्रत्येक थरातलं वाटाण्याएवढं कोरडं ढेकूळ वेगवेगळ्या वाटीत, स्वच्छ पाण्यात अलगद सोडायचं. हलवायचं नाही. ढेकूळ विरघळून खाली रास झाली आणि वरचं पाणी नितळ राहिलं तर चिंता नाही. ढेकळाभोवती दुधासारखं ढगाळ वलय पसरलं, पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ राहिलं, तर त्या थरात सोडियम जास्त असल्याचा दाट संशय घ्या. लोक ज्याला चोपण म्हणतात तीच ही जमीन. पाणी पावसाचं किंवा आरओचं हवं. बोअरच्या खारट पाण्यात वलय दबून जातं आणि जमीन निर्दोष वाटते.

आमच्या पट्टीत वरच्या फूटभर मातीला वलय आलं नाही. तीन फुटांवरच्या मातीला आलं. म्हणजे खाली चिकणमाती सुटी होऊन पाण्याच्या वाटाच बंद करत होती. आठ दिवसांचं पाणी आणि न येणारा वाफसा, दोन्हीचं उत्तर त्या वाटीत होतं. दादा वाटीकडं बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हे तेव्हा केलं असतं तर चहाच्या दोन वाट्यांत काम झालं असतं."

प्रयोगशाळेला काय विचारायचं

२०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नऊ अन्नद्रव्यं. खताचा हिशोब करायला ती उपयोगाचीच आहे. पण मातीचा प्रकार, खोली, चिकणमातीचं प्रमाण, चुना हे तिच्या कामातच बसत नाही. ते तुम्हाला वेगळं मागावं लागतं. नमुने तीन खोल्यांचे वेगवेगळ्या पिशव्यांत द्या: ० ते २०, २० ते ५०, ५० ते १०० सेंटिमीटर. कण-आकार, मुक्त चुना आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना धरून असलेला, सोडियम करून मागा. सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेला की पुस्तकात जमीन चोपण ठरते, पण फुगणाऱ्या काळ्या मातीत निचरा त्याच्या बराच आधी बिघडतो. कागदावर "सर्वसाधारण" लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका.

शेवटी सगळं एका परिच्छेदात लिहून काढा. मोठा तक्ता नको, बोलल्यासारखं हवं. आमच्या पट्टीचं मी असं लिहिलंय: "ओढ्यापासून चाळीस पावलं, जवळपास सपाट, वरच्या सगळ्या माळाचं पाणी इथं येतं. पाऊस सहाशेच्या आगेमागे, मुख्य सप्टेंबरात. माती सात फुटांहून खोल, ओली असताना काळी, मळून काढलेली पट्टी तीन इंच, मे मध्ये भेगा तारेहून खोल, अडीच फुटांवर चकाकती पृष्ठं, चुना वरपासून, तीन फुटांखाली वलय. निचरा फार मंद. रब्बी ज्वारी, हरभरा, करडई. फळझाड नको." बरडाचं वर्णन दोनच ओळींचं आहे, कारण तिथं बघायला वीतभरच आहे.

डाळिंब आता त्याच बरडावर आहे, मुरमात खड्डे घेऊन आणि ठिबकवर. पट्टीत दादा मालदांडी ज्वारी पेरतो आणि कोळपणी चुकवत नाही. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, कारण कोळप्यानं भेगा बुजतात, ओल उडत नाही आणि मुळं तुटत नाहीत.

राहता राहिला खड्डा. तो त्याच दिवशी बुजवा. काढताना वरची माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाकली असेल तर भरताना खालची खाली जाते. नाहीतर चुनखडीचा पांढरा डाग पुढची दहा वर्षं रानात दिसत राहतो. आमच्या विहिरीजवळ माझ्या पहिल्या खड्ड्याचा अजून दिसतो. आणि रात्रभर उघडा ठेवलात तर सकाळी त्यात कुणाचं तरी वासरू असतं.